प्रदर्शनाची तारीख आणि औषधांची वेळ

दिवाळी सरून हवेत गारवा आला की माझ्या दवाखान्यात एका निराळ्या तऱ्हेचे रुग्ण दिसू लागतात. कोणाच्या नखांत रंग सुकलेला असतो, तर कोणाच्या मानेवर कॅमेऱ्याच्या पट्ट्याचा वळ उमटलेला असतो. औषधांच्या चिठ्ठीबरोबर त्यांच्या पिशवीत एखाद्या कलादालनाच्या आरक्षणाची पावतीही असते. हिवाळा हा आपल्याकडे चित्र-छायाचित्रांच्या प्रदर्शनांचा हंगाम. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनापासून तालुक्याच्या गावातील वाचनालयाच्या सभागृहापर्यंत, निवृत्तीनंतर हौसेने कुंचला किंवा कॅमेरा हाती घेतलेली मंडळी याच दिवसांत आपले काम लोकांपुढे मांडतात.

वाचकहो, आरंभीच सांगून टाकते की मी या मंडळींच्या बाजूची आहे. ‘या वयात कशाला ही दगदग?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि बहुधा तो प्रेमापोटीच विचारलेला असतो. परंतु रवींद्रनाथ ठाकूर साठी उलटल्यावर चित्रकलेकडे गांभीर्याने वळले आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. अमेरिकेतील ग्रँडमा मोझेस या शेतकरी कुटुंबातील आजीबाईंना संधिवातामुळे सुईदोऱ्याचे काम जमेनासे झाले, म्हणून त्या सत्तरीनंतर रंगांकडे वळल्या. १९४० साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन झाले तेव्हा त्यांना ८० वर्षे पूर्ण झाली होती. पुढे त्या १०१ वर्षे जगल्या. दीर्घायुष्य चित्रांमुळे लाभले असा दावा मी करणार नाही. चित्रांमुळे ते उणावले नाही, इतके मात्र म्हणता येईल.

माझ्या अनुभवात प्रकृतीला धक्का बसतो तो प्रदर्शनापूर्वीच्या पाच-सहा आठवड्यांत, आणि चित्र काढण्याने तो क्वचितच बसतो. चित्र काढताना माणूस एका जागी, आपल्या गतीने काम करतो; थकला की थांबतो. प्रदर्शनाची तारीख ठरली की ही गती त्याच्या हातात राहत नाही. फ्रेमवाल्याकडे खेपा, आमंत्रणपत्रिका, छपाईच्या दुकानातील वाट पाहणे, चित्रांची छायाचित्रे काढणे, ती कोणाला तरी पाठवणे, ती पुन्हा मागितली जाणे. या धावपळीत प्रथम सुटते ते पाणी. मग दुपारचे जेवण पुढे सरकते, त्यापाठोपाठ गोळी सरकते आणि रात्रीची झोप तर आधीच उडालेली असते. तरुण शरीर हे उधारीवर चालवून घेते. सत्तरीतील शरीराकडे तेवढी शिल्लक नसते.

एका रुग्णाची हकिगत त्यांच्या परवानगीने सांगते. नाव देत नाही, आपण त्यांना काकू म्हणू. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, वय ६९. पाच वर्षांपूर्वी यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तेव्हापासून त्यांचे उठणे-बसणे, आंघोळ, जेवण, व्यायाम सर्व काकूंच्या हाती. त्याच काळात काकूंनी जलरंगांना सुरुवात केली. यजमान दुपारी झोपले की दीड-दोन तास चित्र, आणि महिन्यातून एकदा, मुलगा घरी असला की, कॅमेरा घेऊन वाईला किंवा मेणवलीला. कृष्णेचे घाट हा त्यांचा विषय. काही घाट रंगांत, काही छायाचित्रांत. गेल्या वर्षी जानेवारीत त्यांना एका लहान कलादालनात तीन दिवसांसाठी जागा मिळाली, आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी एका सामूहिक प्रदर्शनातही चार चित्रे द्यावयाची होती.

नोव्हेंबरच्या अखेरीस त्या रक्तदाब तपासून घेण्यासाठी आल्या. रक्तदाब वाढला होता, याचे नवल नव्हते. जाता जाता त्या म्हणाल्या, “डॉक्टर, माझा कॅमेरा रंग खोटे दाखवू लागलाय. चित्र एक असतं आणि फोटोत भलतंच निळं, भडक दिसतं.” सोबत सूनबाई होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “आई, मला तर दोन्ही सारखंच दिसतं.” मग कळले की कॅमेरा दोनदा दुरुस्तीला जाऊन आला होता आणि दुकानदाराने त्यात काही दोष नसल्याचे सांगितले होते. गेल्या काही महिन्यांत काकूंनी नदीच्या पाण्यात नीळ अधिकाधिक घालण्यास सुरुवात केली होती, हेही सूनबाईंच्याच लक्षात आले होते. शिवाय यजमानांचे गडद निळे आणि काळे मोजे धुतल्यावर जोड्या लावताना काकूंची गफलत होत असे.

मी त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

मोतीबिंदू म्हणजे केवळ धूसर दिसणे, अशी आपली समजूत असते. वयपरत्वे डोळ्यातील भिंग गढूळ होते तसेच ते पिवळसर, पुढे तपकिरीही होत जाते. पिवळ्या काचेतून पाहिल्यावर निळा रंग जसा मंद होतो, तसेच येथे घडते; निळ्या-जांभळ्या छटा विझू लागतात आणि गडद निळा, गडद हिरवा व काळा यांतील भेद पुसट होतो. हे इतक्या सावकाश होते की माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. चोखंदळ वाचकाला येथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे: चित्रकार समोरचा घाट आणि कागदावरचा घाट दोन्ही एकाच डोळ्याने पाहतो, मग रंग चुकावेत कसे? समोर दृश्य ठेवून रंग जुळवताना खरोखरच फारसे चुकत नाहीत. परंतु आठवणीतून रंगवताना, ‘पाणी याहून निळे असते’ या जुन्या ओळखीवर विसंबून हात अधिक नीळ उचलतो. मंद उजेडात कागदावरचा रंग विझलेला वाटतो, तर मोबाइलचा वा संगणकाचा पडदा स्वतःच्या तेजाने उजळलेला असल्यामुळे त्यावरचे चित्र भडक भासते. काकूंना कॅमेरा खोटा वाटला तो यामुळे.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांची कथा चित्रकलेच्या अभ्यासकांइतकीच नेत्रतज्ज्ञांनाही परिचित आहे. १९१२ मध्ये त्यांना मोतीबिंदूचे निदान झाले. शस्त्रक्रियेला ते घाबरत. त्या काळी ती आजच्यासारखी सुलभही नव्हती. या वर्षांत त्यांच्या चित्रांत तांबूस-तपकिरी छटा दाटत गेल्या. त्यांचे स्नेही, फ्रान्सचे माजी पंतप्रधान जॉर्ज क्लेमांसो हे शिक्षणाने डॉक्टर होते. त्यांनी नेट लावून धरल्यावर अखेर १९२३ मध्ये मोने यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर रंग अनोळखी दिसतात म्हणून ते पुष्कळ वैतागले, निरनिराळे चष्मे वापरून पाहिले, आणि कमलपुष्पांच्या त्या प्रचंड चित्रमालिकेवर काम करीत राहिले. १९२६ मध्ये ते गेले आणि पुढील वर्षी ती चित्रे पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात लोकांसाठी खुली झाली. निदान आणि शस्त्रक्रिया यांत अकरा वर्षे गेली. आपल्याकडे आज भिंग बसवण्याची शस्त्रक्रिया बहुधा त्याच दिवशी घरी पाठवणारी असते, तरीही ‘पिकू द्या’ म्हणून वर्षे घालवणारे कमी नाहीत. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्याची आता गरज नाही. दैनंदिन कामात, वाचनात, चालण्यात अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रियेचा विचार करावा.

काकूंपुढे खरा प्रश्न पुढेच होता. प्रदर्शनाला सहा आठवडे उरले होते. शस्त्रक्रिया आधी करावी की नंतर? मुलाचे म्हणणे, “प्रदर्शनच पुढच्या वर्षी कर, आई.” सूनबाई गप्प. यजमानांना बोलताना त्रास होतो, परंतु त्यांनी मान जोराने हलवून नकार दर्शवला. प्रदर्शन रद्द करण्याला तो नकार होता.

अशा वेळी मी काय सांगते ते आपल्यालाही उपयोगी पडेल. दोन महिन्यांहून अधिक अवधी असेल, तर नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने शस्त्रक्रिया आधी उरकणे चांगले. अवधी त्याहून कमी असेल आणि मोतीबिंदूमुळे पडण्या-धडपडण्याचा वा अन्य धोका नसेल, तर ती प्रदर्शनानंतर ठेवावी. कारणे साधी आहेत. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत थेंब साधारण चार ते सहा आठवडे घालावे लागतात. चष्म्याचा पक्का नंबर महिना-दीड महिन्याने ठरतो. आरंभीचे काही दिवस जड उचलणे, डोके खाली घालून काम करणे, डोळ्यात पाणी जाऊ देणे वर्ज्य असते. फ्रेम उचलणे आणि चित्रे टांगणे यांत हे पथ्य पाळले जाणार नाही. त्यातच एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर त्या डोळ्याला जग निळसर-लख्ख आणि दुसऱ्याला पिवळसर दिसते. एरवी याची गंमत वाटते, पण चित्रकाराचा प्रदर्शनाच्या तोंडावर जीव घाबरा होतो.

पुरुष वाचकांसाठी येथे एक सूचना. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन ही गोळी आपण घेत असाल किंवा पूर्वी घेतली असेल, तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी ते डॉक्टरांना न चुकता सांगा. या औषधाने बुबुळाचा पडदा सैल पडतो आणि शस्त्रक्रियेत अडचण येऊ शकते. आधी ठाऊक असल्यास ते तयारी ठेवतात. गोळी मनाने बंद करू नका. बंद करूनही परिणाम राहू शकतो.

आणि सर्वांसाठी दुसरी, अधिक तातडीची. छायाचित्रात वा चित्रात सरळ असलेल्या रेषा, जसे घाटाच्या पायऱ्या, दाराची चौकट, वहीच्या ओळी, आपल्याला नागमोडी दिसू लागल्या किंवा दृष्टीच्या मध्यभागी डाग दिसू लागला, तर तो कॅमेऱ्याच्या भिंगाचा दोष समजून बसू नका. एकेक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे पाहा. एका डोळ्याला गज वाकडे दिसले तर प्रदर्शन दोन दिवसांवर असले तरी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूचा हा विकार असू शकतो आणि त्यात गेलेले दिवस भरून येत नाहीत. डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखे दिसणे, काळे ठिपके एकाएकी वाढणे किंवा पडदा सरकल्यासारखे होणे, यालाही हाच नियम.

काकूंनी शस्त्रक्रिया नंतर करण्याचे ठरवले. सहा आठवड्यांपुरती तजवीज अशी केली: रंगांच्या नळ्यांवर मोठ्या अक्षरांत नावे लिहिली, रंगकाम सकाळच्या उजेडात खिडकीशी हलवले, आणि नव्या चित्रांतील निळ्या रंगाविषयी सूनबाईंचा शब्द अखेरचा मानण्याचे कबूल केले. हे शेवटचे सर्वांत अवघड गेले असावे.

आता छायाचित्रांविषयी, कारण पाठ आणि खांदे तेथेच जायबंदी होतात. आपल्या चित्रांची छायाचित्रे काढताना बहुतेक मंडळी चित्र जमिनीवर ठेवून, स्टुलावर चढून, वरून वाकून ती टिपतात. वीस चित्रे म्हणजे वीस वेळा चढ-उतार, तीही मान खाली, श्वास रोखून. स्टुलावरून पडून मनगट मोडलेले किंवा खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण प्रत्येक डॉक्टरने पाहिलेले असतात. गंमत अशी की प्रकृतीला जे मानवते तेच छायाचित्रालाही मानवते. चित्र भिंतीवर छातीच्या उंचीवर टांगा. कॅमेरा ट्रायपॉडवर, चित्राच्या मध्याच्या उंचीला, चित्राला समांतर ठेवा. समोर खुर्ची घेऊन बसा. थेट ऊन नको, फ्लॅश तर नकोच. उत्तरेच्या खिडकीतील मृदू उजेड, किंवा दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर, साधारण पंचेचाळीस अंशांत ठेवलेले दोन एकसारखे दिवे पुरतात. काच बसवण्यापूर्वीच हे काम करा, म्हणजे प्रतिबिंबांचा छळ वाचेल. चित्राशेजारी करड्या रंगाचे कार्ड ठेवून एक छायाचित्र घेतले, की रंग खरा आहे की नाही हे त्यावरून जुळवता येते. आपल्या डोळ्यावर सर्व भार राहत नाही. एका बैठकीत पाच-सहा चित्रे पुरेत.

बाहेर छायाचित्रणाला जाताना घाटाच्या ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्या हा माझ्या चिंतेचा विषय. दृश्य चौकटीत बसवताना डोळा कॅमेऱ्याला आणि पाय मागे सरकत असतात. पाऊल टाकायचे तेव्हा कॅमेरा खाली घ्यावा, एवढा एकच नियम पाळला तरी पुष्कळ झाले. पहाटेच्या वेळी, रक्तदाबाची गोळी घेऊन, उपाशीपोटी, खाली बसून टिपायचे आणि झटकन उठायचे, यात चक्कर न आली तरच नवल. उठताना आधी गुडघ्यावर, मग आधार धरून, मग उभे.

खांदा दुखू लागला की औषधांच्या दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी आणली जाते. पाच-सहा आठवडे ती रोज पोटात जाते आणि कोणालाही सांगितले जात नाही, कारण ‘साधी दुखण्याची गोळी’. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन वा रामिप्रिलसारखी गोळी आणि लघवीची गोळी चालू असताना, त्यात पाणी कमी आणि वर ही वेदनाशामक गोळी, असे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडांवर एकाएकी ताण येऊ शकतो. रक्तदाब वाढतो, घोट्यांवर सूज येते. दुखणे असेल तर पॅरासिटामॉल, शेक आणि विश्रांतीपासून प्रारंभ करावा. त्यापुढे काय, ते आपल्या डॉक्टरांना विचारून. वरून लावण्याचे मलमही बहुतेकांना पुरते.

तैलरंगात काम करणाऱ्यांना दोन शब्द. टर्पेंटाइनची वाफ दमेकऱ्यांना व जुनाट खोकला असलेल्यांना सोसत नाही. थंडीत खिडक्या लावून घेऊन रात्री काम करणे टाळा. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या डब्यात ठेवा.

काळजी घेणाऱ्या वाचकांशी थोडे अधिक बोलायचे आहे. काकूंसारखे दुहेरी ओझे अनेकांच्या माथी असते: घरात परावलंबी माणूस आणि मनात अपुरे राहिलेले काम. प्रदर्शनाच्या तीन दिवसांसाठी मदतनीस बाई ठेवल्या म्हणजे झाले, असा हिशेब केला जातो. तो चुकतो. अर्धांगवायू झालेल्या माणसाला पलंगावरून खुर्चीत घेण्याची एक रीत असते. घास केवढा, पाणी घट्ट करून द्यावे लागते का, लघवीची खूण काय, हे सारे घरच्या बाईच्या हाताला ठाऊक असते, कागदावर कोठेही नसते. नवख्या हाताने पहिल्याच दिवशी ठसका लागतो, आणि मग उद्घाटनाच्या दिवशी सकाळी फोन येतो. म्हणून मदतनीस निदान दोन आठवडे आधी आणावी. पहिले काही दिवस आपल्या देखत, मग आपण बाजूच्या खोलीत, मग आपण तीन-चार तास बाहेर. नाटकाची रंगीत तालीम करतात तशीच ही. काकूंनी डिसेंबरात असे केले. दुसऱ्याच दिवशी यजमान मदतनीस बाईंवर रुसले, जेवले नाहीत. चौथ्या दिवशी जेवले. आठव्या दिवशी काकू फ्रेमवाल्याकडे जाऊन निवांतपणे परतल्या तेव्हा दोघे दूरदर्शनवर क्रिकेट पाहत होते.

औषधांचे वेळापत्रक आणि प्रदर्शनाचे वेळापत्रक एकाच कागदावर लिहा, ही माझी आवडती सूचना. उद्घाटन सायंकाळी पाचला म्हणजे प्रमुख पाहुणे सहाला येणार, भाषणे सातपर्यंत, आणि जेवण नऊला, हे आपल्याला आणि मलाही ठाऊक आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने औषध नेहमीच्या वेळी घेतले आणि जेवण दोन तास लांबले, तर साखर उतरते. घाम फुटणे, हात थरथरणे, चिडचिड, बोलण्यात असंबद्धता ही त्याची लक्षणे. दालनातील गर्दीत ती उत्साहाची वा घबराटीची वाटतात. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल, तर धडधड आणि थरथर जाणवतही नाही. घाम मात्र येतो. शंका येताच तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा, सुधारणा नसेल तर पुन्हा तेवढीच द्या आणि मग पोळी-भाजी वा बिस्किटे खायला घाला. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही औषधे घेणाऱ्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही. त्यांच्यासाठी ग्लुकोजची पूड खिशात हवी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवून थेट रुग्णालय गाठा.

दालनात प्रसाधनगृह लांब आहे म्हणून त्या दिवशी लघवीची गोळी चुकवणारे आणि पाणी न पिणारे पुष्कळ असतात. हृदय कमकुवत असणाऱ्याने तीन दिवस असे केले तर चौथ्या दिवशी धाप लागते. गोळी चुकवू नका. तिची वेळ बदलता येते का, हे आधी डॉक्टरांना विचारा. अनेकांना ती पहाटे घेऊन दहाच्या आत मोकळे होता येते. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी हातोडी-खिळे दुसऱ्याच्या हाती द्यावेत, आणि डोक्याला फ्रेमचा कोपरा लागला तर वरकरणी काही दिसत नसले तरी त्याच दिवशी तपासून घ्यावे. तीन दिवस उभे राहून स्वागत करण्याची गरज नाही. चित्रांशेजारी एक हातांची खुर्ची ठेवा. आलेला पाहुणाही मग दोन मिनिटे अधिक थांबतो, असे काकूंचे निरीक्षण आहे.

चित्रे उतरवण्याच्या दिवसाकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते. लावायला दहा जण येतात. उतरवायला कलावंत आणि घरचे एखादे माणूस उरते. रात्री आठला दालन रिकामे करून द्यायचे असते, अंगात त्राण नसते आणि तेव्हाच शिडीवरून पाय घसरतो. उतरवण्यासाठीची माणसे आधी नक्की करा, लावणारी आपोआप मिळतात.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस विचित्र जातात. फोन थांबतात, भिंतीशी टेकवलेल्या फ्रेम पुन्हा घरात येतात, खपलेली चित्रे थोडी आणि परतलेली पुष्कळ असतात. उदास वाटणे, सकाळी उठू नये असे वाटणे हे काही दिवस स्वाभाविक आहे. घरच्यांनी लगेच ‘पुढच्या वर्षी पुन्हा करू’ असे म्हणण्याची घाई करू नये; झाले ते कसे झाले, हे त्यांना बोलू द्यावे. परंतु ही उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, भूक-झोप गेली, आवडीच्या गोष्टीत रस राहिला नाही किंवा जगणे नकोसे असल्याचे उद्गार निघाले, तर तो केवळ थकवा नसतो. डॉक्टरांची भेट घ्यावी. उतारवयातील नैराश्य उपचारांनी बरे होते.

काकूंच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया फेब्रुवारीत झाली. पट्टी निघाल्यावर त्यांनी प्रथम स्वतःची चित्रे पाहिली आणि नदी फारच निळी झाली आहे म्हणून ती सगळी पुन्हा रंगवायला घेण्याच्या बेतात होत्या. दुसरा डोळा होईपर्यंत कोणत्याही जुन्या चित्राला हात लावायचा नाही, असे त्यांना बजावले. दुसरा डोळा एप्रिलमध्ये झाला. त्यानंतर त्यांनी दोन चित्रे बदलली, बाकीची तशीच ठेवली. कॅमेरा मात्र दुरुस्तीला पुन्हा गेलेला नाही.

कुंचला धरताना किंवा कॅमेऱ्याची कळ दाबताना हात का कापतो, कोणता कंप निरुपद्रवी आणि कोणता तपासून घेण्याजोगा, याविषयी पुढील अंकात लिहीन. आपल्यापैकी ज्यांचे प्रदर्शन जानेवारीत आहे, त्यांनी तोवर आपल्या सर्व औषधांची यादी घेऊन एकदा आपल्या डॉक्टरांना भेटून यावे, आणि उद्घाटनाची वेळ त्यांना सांगावी.